घरातले दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर: नेट बंद असतानाही चालणारं होम नेटवर्क कसं उभं करायचं?

घरात एक जुना डेस्कटॉप आहे, मुलांच्या कॉलेजसाठी लॅपटॉप आला, आणि प्रिंटर मात्र एकच. ही परिस्थिती आता खेड्यातही नवी राहिलेली नाही. मग बहुतेक घरांत काय चालतं? लॅपटॉपवरची फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवायची, डेस्कटॉपवर व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडायचं, फाइल उतरवायची आणि प्रिंट काढायची. दोन मशीनमधलं अंतर पाच फूट, पण फाइल मात्र बाहेरच्या सर्व्हरवर जाऊन परत येते. नेट सुरू आहे तोवर हे खपून जातं.

लेख लिहिताना डोळ्यांसमोर नरखेड तालुका ठेवलाय. नागपूर जिल्ह्याचं हे टोक. एका बाजूला वर्धा नदी आणि तिच्यापलीकडे अमरावती जिल्ह्यातला वरुड, दुसऱ्या बाजूला मध्य प्रदेशातलं पांढुर्णा. संत्र्याचा पट्टा. इथल्या ज्या घरात कॉम्प्युटर असतो, ते घर नकळत आळीचं अर्ज भरायचं ठिकाण होऊन बसतं. खरिपात पीकविम्याचे अर्ज, महाडीबीटीवर ठिबकचे अर्ज, पोरांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज, आणि वर्षभर सातबारा. डिजिटल सहीचा सातबारा एका प्रतीला १५ रुपये भरून डाउनलोड होतो. तो लॅपटॉपवर उतरला आणि त्याच क्षणी नेट गेलं तर? पैसे कटले, फाइल लॅपटॉपमध्ये आहे, प्रिंटर डेस्कटॉपला लावलेला आहे, आणि समोरच्या माणसाला पावणेपाचची एसटी पकडून तहसीलला जायचंय. पेनड्राइव्ह सापडला तर ठीक. नाहीतर त्याचा दिवस बुडाला.

म्हणून या लेखात एकच कसोटी धरू: घरचं नेट पूर्ण बंद असताना लॅपटॉपवरून प्रिंट निघाली पाहिजे आणि एका कॉम्प्युटरची फाइल दुसऱ्यावर उघडली पाहिजे. हे जमलं तर बाकीचं आपोआप जमतं.

इंटरनेट वेगळं, घरचं नेटवर्क वेगळं

सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो. "वायफाय गेलं" असं आपण म्हणतो तेव्हा बरेचदा वायफाय सुरूच असतं, फक्त बाहेरून येणारं इंटरनेट बंद असतं.

बगीच्याचं उदाहरण घ्या. कॅनॉलचं पाणी बाहेरून येतं, ते कधी सुटेल ते आपल्या हातात नाही. पण वावरातली पाइपलाइन आपली आहे. कॅनॉल बंद असला तरी विहिरीचं पाणी त्याच पाइपातून या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेता येतंच ना? घरचा राऊटर म्हणजे त्या पाइपलाइनचा चेंबर. इंटरनेट हा त्याला येऊन मिळणारा कॅनॉल. दोन कॉम्प्युटर आणि प्रिंटर एकमेकांशी बोलतात ते फक्त चेंबरमार्फत. त्यांना कॅनॉलची गरजच नाही.

त्यामुळे "आमच्याकडे फायबर आलेली नाही, मग नेटवर्क कसं करणार?" हा प्रश्नच चुकीचा आहे. फायबर नसेल तरी एक साधा वायफाय राऊटर लावून घरचं नेटवर्क तयार होतं. इंटरनेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून घ्या किंवा घेऊच नका. मोबाइलचा हॉटस्पॉट हेही एक छोटं नेटवर्कच असतं. मात्र काही फोन जोडलेल्या दोन मशीनना एकमेकांशी बोलू देत नाहीत, आणि फोन घेऊन माणूस वावरात गेला की नेटवर्कही त्याच्यासोबत गेलं. कायमच्या जोडणीसाठी राऊटरच बरा.

वायर की वायफाय?

जिथे मशीन हलत नाही तिथे वायर, जिथे हलतं तिथे वायफाय. डेस्कटॉप आणि प्रिंटर जागेवरच असतात, त्यांना लॅन केबल द्या. लॅपटॉप वायफायवर राहू दे.

जुन्या मातीच्या किंवा दीड-दोन फूट जाडीच्या भिंतींमधून वायफाय फार लवकर दम तोडतं. टिनाच्या शेडचं तर विचारूच नका, पत्रा सिग्नल जवळजवळ अडवूनच धरतो. अशा ठिकाणी महागडा चार अँटेनाचा राऊटर आणण्यापेक्षा वीस मीटर केबल स्वस्त पडते आणि कायमचा प्रश्न मिटतो. राऊटरच्या डब्यावरच्या अँटेना मोजून खरेदी करणं मला नेहमी बैलाची शिंगं पाहून बैल घेण्यासारखं वाटतं.

केबल घेताना कॅट-५ई किंवा कॅट-६ मागा, आणि तांब्याची आहे का हे विचारून घ्या. बाजारात अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल सर्रास मिळते. ती स्वस्त असते, पण वाकवली की आतून तुटते. एका केबलची कमाल लांबी १०० मीटर. घरात तेवढी लागत नाही.

दोन्ही टोकांना प्लग लावताना रंगांचा क्रम सारखा हवा. प्लगची क्लिप खालच्या बाजूला आणि वायर आपल्याकडे धरून डावीकडून: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. (नरखेडवाल्यांना हा क्रम लक्षात ठेवायला सोपा आहे, सुरुवातच संत्र्यापासून होते.) पूर्वी दोन कॉम्प्युटर थेट जोडायला उलट-सुलट क्रमाची क्रॉसओव्हर केबल लागायची. आताच्या मशीनमध्ये लॅन पोर्ट स्वतःच ते ओळखून घेतो, साधी केबल चालते.

एक गंमत सांगतो. आठपैकी निळ्या किंवा तपकिरी जोडीची एखादी तार सैल राहिली तरी नेटवर्क सुरू राहू शकतं, पण गीगाबिटऐवजी १०० एमबीपीएसवर उतरतं, कारण १०० च्या वेगाला नारिंगी आणि हिरवी या दोनच जोड्या लागतात. १०० एमबीपीएसवर एक जीबीची फाइल जायला साधारण दीड मिनिट, गीगाबिटवर दहा सेकंदांच्या आसपास. प्रिंट काढायला दोन्ही चालतात, त्यामुळे घरात १०० चा राऊटर असेल तर तेवढ्यासाठी बदलू नका.

केबल एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत, म्हणजे घरातून गोठ्याकडच्या खोलीत किंवा भावाच्या घरी उघड्यावरून न्यायची असेल तर जरा थांबा. दोन इमारतींचं अर्थिंग वेगळं असतं, आणि पावसाळ्यात वीज जवळपास पडली तरी तांब्याच्या केबलमधून झटका येऊन दोन्हीकडचे पोर्ट जळू शकतात. तिथे वायफायच वापरा. अंतर जास्त असेल तर फायबरची तार आणि दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर लावा. काचेच्या तारेतून वीज वाहत नाही.

घरात दोन राऊटर असतील तर हा भाग दोनदा वाचा

दोन कॉम्प्युटर एकमेकांना दिसत नाहीत याचं माझ्या मते सगळ्यात जास्त आढळणारं कारण हे आहे, आणि ते व्हिडिओंमध्ये क्वचितच सांगतात.

फायबरवाला जो डबा भिंतीवर लावून जातो, त्याला ओएनटी म्हणतात. बहुतेक ठिकाणी तो नुसता मोडेम नसून राऊटरही असतो. पुढे मागच्या खोलीत रेंज येत नाही म्हणून आपण बाजारातून दुसरा राऊटर आणतो आणि पहिल्याची केबल दुसऱ्याच्या वॅन लिहिलेल्या पोर्टात घालतो. इंटरनेट सुरू होतं, सगळे खूश. पण प्रत्यक्षात घरात दोन वेगळी नेटवर्क तयार झालेली असतात. डेस्कटॉप पहिल्याच्या नेटवर्कात, लॅपटॉप दुसऱ्याच्या. दोघांनाही इंटरनेट मिळतं, पण डेस्कटॉपला लॅपटॉप सापडत नाही.

ओळखायचं कसं? दोन्ही कॉम्प्युटरवर कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि आयपीकॉन्फिग ही कमांड द्या (कीबोर्डवर अर्थातच इंग्रजी अक्षरांत, मध्ये स्पेस न देता). आयपीव्ही४ अ‍ॅड्रेस या ओळीसमोरचा आकडा बघा. एकावर १९२.१६८.१.५ आणि दुसऱ्यावर १९२.१६८.१.८ असेल तर पहिले तीन आकडे जुळतात, म्हणजे दोघं एकाच आळीत आहेत. एकावर १९२.१६८.१.५ आणि दुसऱ्यावर १९२.१६८.०.१०३ असं दिसलं, की समजा दोन राऊटरचा घोळ आहे.

उपाय असा: दुसऱ्या राऊटरच्या सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेस पॉइंट मोड असेल तर तो सुरू करा. काही राऊटर त्या मोडमध्ये केबल वॅन पोर्टातच ठेवायला सांगतात, तसं असेल तर तसंच करा. हा मोड नसेल तर तीन गोष्टी करा. आधी दुसऱ्याचा स्वतःचा पत्ता बदलून पहिल्याच्या आळीतला पण रिकामा असा द्या, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२. मग त्यातलं डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटायचं काम, बंद करा. शेवटी पहिल्याकडून येणारी केबल वॅनमधून काढून त्याच्या लॅन पोर्टात घाला. आता पत्ते वाटणारा एकच राहिला, दुसरा डबा फक्त रेंज वाढवतो.

वायफायच्या नावात गेस्ट असेल तर त्याच्यावर लॅपटॉप जोडू नका. गेस्ट नेटवर्क मुद्दामच बाकीच्या मशीनपासून वेगळं ठेवलेलं असतं. याचा चांगला उपयोग पुढे येईल.

आयपीकॉन्फिगमध्ये १६९.२५४ ने सुरू होणारा आकडा दिसला तर त्या मशीनला राऊटरकडून पत्ता मिळालेलाच नाही. आधी केबल आणि राऊटर तपासा, शेअरिंगच्या सेटिंगकडे नंतर वळा.

कॉम्प्युटरला नाव आणि नेटवर्कला भरवसा

दोन्ही मशीनना सोपं, छोटं नाव द्या. सेटिंग्ज, सिस्टीम, अबाऊट इथे रिनेमचा पर्याय आहे. नाव इंग्रजी अक्षरांत, स्पेस न देता. समजा डेस्कटॉप समोरच्या खोलीत आहे, त्याचं नाव ओसरी आणि लॅपटॉपचं माडी. कंपनीनं दिलेलं डेस्कटॉप-क्यूवगैरे नाव कुणाच्याच लक्षात राहत नाही.

त्यानंतर दोन्हीवर नेटवर्क प्रायव्हेट आहे का ते पाहा. सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, त्यात वायफाय किंवा इथरनेटच्या प्रॉपर्टीज. विंडोज नव्या नेटवर्कला बहुतेक वेळा पब्लिक समजतं, म्हणजे एसटी स्टँडवरचं वायफाय. पब्लिकमध्ये ते दारं बंद करून बसतं. घरच्या नेटवर्कला प्रायव्हेट करा. बाहेर कुठे लॅपटॉप जोडला तर तिथे मात्र पब्लिकच राहू द्या.

मग विंडोज ११ मध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, अ‍ॅडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज, अ‍ॅडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज. विंडोज १० मध्ये हेच कंट्रोल पॅनलच्या नेटवर्क अँड शेअरिंग सेंटरमध्ये मिळेल. प्रायव्हेटखाली नेटवर्क डिस्कव्हरी आणि फाइल अँड प्रिंटर शेअरिंग ही दोन बटणं सुरू करा.

इथे एक इशारा. जुन्या व्हिडिओंमध्ये होमग्रुप बनवायला सांगतात. ते शोधत बसू नका, २०१८ मध्ये विंडोज १० च्या १८०३ या आवृत्तीपासून होमग्रुप काढूनच टाकलंय. तसंच "पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग बंद करा, काम झालं" हा सल्लाही सोडून द्या. पासवर्डविना शेअरिंग नव्या विंडोज ११ मध्ये बरेचदा अडवलं जातं, आणि चाललं तरी ते चालवू नये. का ते शेवटी सांगतो.

पिन चालत नाही!

आता लॅपटॉपवरून ओसरी उघडायला गेलात की विंडोज नाव आणि पासवर्ड विचारतं. आपण रोजचा चार आकडी पिन टाकतो आणि ते "चुकीचा" म्हणतं. दहा वेळा टाकला तरी तेच. कारण पिन फक्त त्या एका मशीनपुरता असतो, नेटवर्कवरून खात्याचा खरा पासवर्ड लागतो. आणि तो पासवर्ड कॉम्प्युटर घेतला त्या दिवशी दुकानदारानं टाकलेला असतो, कुणाला आठवतोय?

सरळ उपाय म्हणजे डेस्कटॉपवर या कामासाठीच एक वेगळं खातं काढा. सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर युजर्स, अ‍ॅड अकाउंट. ईमेल मागेल तिथे "या माणसाची माहिती माझ्याकडे नाही" या अर्थाची लिंक, आणि पुढच्या पानावर मायक्रोसॉफ्ट अकाउंटशिवाय युजर जोडायचा पर्याय निवडा. नाव समजा घर, आणि एक बरा पासवर्ड. हे खातं अ‍ॅडमिनिस्ट्रेटर करू नका, साधंच राहू द्या. आता लॅपटॉपनं विचारलं की हे नाव-पासवर्ड द्यायचं आणि लक्षात ठेव या चौकोनात टिक करायची. परत विचारणार नाही.

फोल्डर शेअर करणं

डेस्कटॉपवर डी ड्राइव्हमध्ये कागद नावाचा एक फोल्डर बनवा. त्यावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, शेअरिंग टॅब, शेअर बटण. यादीतून घर हे खातं निवडा आणि रीड-राइट परवानगी द्या. एव्हरीवन निवडू नका, आणि पूर्ण सी ड्राइव्ह तर चुकूनही शेअर करू नका.

लॅपटॉपवर विंडोजचं बटण दाबून धरून आर दाबा. उघडलेल्या चौकटीत दोन बॅकस्लॅश आणि लगेच ओसरी असं टाइप करून एंटर. फोल्डर दिसेल. त्यावर राइट क्लिक करून मॅप नेटवर्क ड्राइव्ह केलं की तो झेड ड्राइव्ह म्हणून कायम दिसत राहतो, घरातल्या कुणालाही समजावून सांगायची गरज उरत नाही.

नावानं उघडत नसेल तर नावाच्या जागी डेस्कटॉपचा आयपी पत्ता टाकून बघा. पत्त्यानं उघडलं आणि नावानं नाही, तर अडचण फक्त नाव शोधण्यात आहे, बाकी सगळं ठीक आहे.

प्रिंटर: तीन रस्ते

प्रिंटरच्या मागे लॅनचा पोर्ट असेल किंवा त्यात वायफाय असेल तर डोळे मिटून तोच रस्ता धरा. प्रिंटर सरळ राऊटरला जोडायचा, मग तो कुठल्याच कॉम्प्युटरचा मिंधा राहत नाही. घरगुती वापराचे बरेचसे वायफाय प्रिंटर फक्त २.४ गीगाहर्ट्झच ओळखतात, त्यामुळे जोडताना ५ गीगाहर्ट्झच्या नावावर ते अडून बसले तर प्रिंटर बिघडला असं समजू नका. जोडून झालं की राऊटरच्या पानावर जा (अनेक राऊटरवर १९२.१६८.१.१, जिओफायबरवर १९२.१६८.२९.१) आणि डीएचसीपी रिझर्व्हेशनमध्ये प्रिंटरला एक पत्ता कायमचा बांधून द्या, समजा शेवटचा आकडा ५०. हे न केल्यास एखाद्या दिवशी लाइन जाऊन येते, राऊटर पत्ते नव्यानं वाटतो, प्रिंटर दुसऱ्या घरात राहायला जातो आणि कॉम्प्युटर जुन्या दारावर टकटक करत "ऑफलाइन" सांगत राहतो. प्रिंटर ऑफलाइन दिसण्याच्या निम्म्या तक्रारींचं मूळ इथे असावं असा माझा अंदाज आहे.

प्रिंटर फक्त यूएसबीचा असेल तर तो डेस्कटॉपवरून शेअर करा. सेटिंग्जमध्ये प्रिंटर्स अँड स्कॅनर्स, आपला प्रिंटर, प्रिंटर प्रॉपर्टीज, शेअरिंग टॅब, शेअर धिस प्रिंटर. शेअरचं नाव छोटं ठेवा. लॅपटॉपवरून पुन्हा दोन बॅकस्लॅश ओसरी उघडलं की प्रिंटर दिसतो, त्यावर डबल क्लिक केलं की तो जोडला जातो. यात अट एकच, डेस्कटॉप सुरू आणि जागा असला पाहिजे. म्हणून डेस्कटॉपच्या पॉवर सेटिंगमध्ये स्लीप बंद करा, स्क्रीन बंद झाली तरी चालेल.

जोडताना कधी शेवटी ११बी असलेला एरर येतो. २०२१ मध्ये विंडोजच्या प्रिंट व्यवस्थेत मोठं भगदाड सापडलं होतं, प्रिंटनाइटमेअर नावानं ते गाजलं. त्यानंतर प्रिंटिंगची सुरक्षा एकेक करून कडक होत गेली, त्यातलाच हा एरर. रजिस्ट्रीत एक आकडा बदलून ती सुरक्षा बंद करायचा उपाय जागोजागी सांगितला जातो. तो करू नका. आधी दोन्ही मशीनचे अपडेट पूर्ण करा. तरी अडलं तर लॅपटॉपवर प्रिंटर मॅन्युअली जोडा: नवा पोर्ट, लोकल पोर्ट, आणि पोर्टच्या नावात दोन बॅकस्लॅश ओसरी, एक बॅकस्लॅश, प्रिंटरचं शेअर नाव. ड्रायव्हर आपल्या हातानं निवडा. हे बरेचदा चालून जातं.

तिसरा रस्ता अगदी साधा आहे. यूएसबी शेअरिंग स्विच नावाची डबी मिळते, दोन कॉम्प्युटर एका बाजूला, प्रिंटर दुसऱ्या बाजूला, वर एक बटण. बटण दाबलं की प्रिंटर या मशीनचा, पुन्हा दाबलं की त्या मशीनचा. सॉफ्टवेअर नाही, पासवर्ड नाही. दोन्ही मशीन एकाच टेबलावर असतील तर हा उपाय मला कमीपणाचा वाटत नाही. फक्त यूएसबीची केबल पाच मीटरच्या वर नेऊ नका.

स्कॅनर, अंगठ्याचं यंत्र, कीबोर्ड-माऊस

ऑल-इन-वन प्रिंटर विंडोजमधून शेअर केला तर त्यातला प्रिंटर शेअर होतो, स्कॅनर होत नाही. लोक तासभर ड्रायव्हर टाकत बसतात. स्कॅन डेस्कटॉपवरच करा आणि स्कॅनची फाइल थेट त्या शेअर केलेल्या कागद फोल्डरमध्ये सेव्ह होईल असं सेटिंग ठेवा. लॅपटॉपवर ती झेड ड्राइव्हमध्ये आपोआप दिसते. प्रिंटर वायफायचा असेल तर कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून स्कॅनरही दोन्हीकडे चालतो.

आधारच्या अंगठ्याचं बायोमेट्रिक यंत्र नेटवर्कवरून शेअर करायच्या भानगडीत पडू नका. त्याची आरडी सर्व्हिस ज्या कॉम्प्युटरवर बसवली आहे त्याच कॉम्प्युटरवर वेबसाइट तिला शोधते. यंत्र ज्याला लावलंय त्यावरच ते काम करा.

एकाच कीबोर्ड-माऊसवर दोन्ही मशीन चालवायची असतील तर मायक्रोसॉफ्टच्या फुकट पॉवरटॉइजमध्ये माऊस विदाउट बॉर्डर्स नावाची सोय आहे. माऊस एका स्क्रीनच्या कडेला नेला की तो दुसऱ्या स्क्रीनवर निघतो, कॉपी केलेला मजकूरही सोबत जातो. हेही घरच्याच नेटवर्कवर चालतं. नवऱ्यानं टायपिंग अर्धवट सोडलं आणि बायकोनं माऊस ओढून नेला, यावरून होणाऱ्या भांडणांची जबाबदारी मात्र माझी नाही.

लाइन गेली तर?

नेट नसताना चालणारं नेटवर्क उभं केलं, पण राऊटरच बंद पडला तर काय उपयोग? ओएनटी आणि राऊटर बहुतेक १२ व्होल्टवर चालतात. त्यांच्यासाठी छोटा मिनी यूपीएस मिळतो, तो काही तास टिकतो. घेताना राऊटरच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर जुळवून घ्या. डेस्कटॉपला नेहमीचा यूपीएस हवाच.

प्रिंटर यूपीएसवर लावायचा का? इंक टँक किंवा इंकजेट असेल तर लावा, तो फार वीज खात नाही. लेझर असेल तर लावू नका. शाई भाजून कागदावर बसवणारा त्याचा रोलर गरम होताना एकदम मोठा झटका घेतो, घरगुती यूपीएस ओव्हरलोड होऊन बसतो आणि सोबत डेस्कटॉपही बंद पाडतो. ज्या घरी लाइनचा भरवसा नाही आणि रोज अर्ज-प्रिंट चालतात, त्यांनी प्रिंटर घेताना पानामागचा खर्च जसा बघतात तसं हेही बघावं.

जुना डेस्कटॉप विंडोज १० वर असेल तर त्या विंडोजचा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. अशा मशीनवर बँकेचे व्यवहार करू नका. त्यावर लिनक्स मिंट टाकलं तर तो फक्त प्रिंटर आणि फोल्डर सांभाळायला अजून काही वर्षं कामी येईल. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

अडलं तर या क्रमानं तपासा

क्रम महत्त्वाचा आहे, कारण प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर उभी असते. लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्टमध्ये आधी राऊटरच्या पत्त्याला पिंग करा. उत्तर नाही, तर वायफाय किंवा केबल. मग डेस्कटॉपच्या पत्त्याला पिंग. राऊटर उत्तर देतो पण डेस्कटॉप नाही, तर डेस्कटॉप झोपलाय, किंवा त्याचं नेटवर्क पब्लिक आहे, किंवा वेगळ्यानं टाकलेला अँटिव्हायरस अडवतोय. पत्त्याला उत्तर येतं पण फोल्डर उघडत नाही, तर खातं आणि पासवर्ड. फोल्डर उघडतो पण प्रिंट निघत नाही, तर प्रिंटर किंवा त्याची रांग. रांग अडकली असेल तर डेस्कटॉपवर सर्व्हिसेसमध्ये प्रिंट स्पूलर रिस्टार्ट करा.

सगळं झालं की खरी परीक्षा घ्या. फायबरची पिवळी वायर उपसू नका, तिचं टोक नाजूक असतं. जोडणी चाललेली असताना ज्या दिवशी नेट बंद असेल, त्या दिवशी लॅपटॉपवरून एक पान प्रिंट करून बघा. मोबाइलचा हॉटस्पॉट मात्र त्या वेळी लॅपटॉपला जोडू नका, नाहीतर लॅपटॉप घरचं नेटवर्क सोडून तिकडे पळतो आणि प्रिंटर गायब होतो. गर्दीच्या दिवसांत अनेकांची गाडी इथेच अडते.

दुसऱ्यांचे कागद आपल्या फोल्डरमध्ये

आता पासवर्डचं कारण. त्या कागद फोल्डरमध्ये कुणाचे कागद साठतात? शेजाऱ्याचं आधार, मावशीचं बँक पासबुक, कुणाच्या पोरीचा जातीचा दाखला. घरच्या वायफायचा पासवर्ड एव्हाना अर्ध्या आळीला माहीत असतो, बाहेर ओट्यावर बसून पोरं त्यावर गेम खेळतात. फोल्डर पासवर्डविना उघडा ठेवला तर त्या प्रत्येक फोनवरून ते कागद दिसू शकतात. लोकांनी ते विश्वासानं दिलेले असतात.

म्हणून पाहुण्यांना आणि पोरांना राऊटरचं गेस्ट नेटवर्क द्या. त्यांना इंटरनेट मिळतं, आपला फोल्डर आणि प्रिंटर दिसत नाही. राऊटरच्या पानाचा मूळ पासवर्ड बदला, बरेचदा तो डब्याच्या तळाशी छापलेला असतो. आणि काम झालेले दुसऱ्यांचे कागद आठवड्याला एकदा दोन्ही मशीनवरून पुसा, रिसायकल बिन रिकामा करून.

स्वतःचे कागद मात्र दोन ठिकाणी ठेवा. शेअर केलेला फोल्डर म्हणजे बॅकअप नव्हे, लॅपटॉपवरून पुसलेली फाइल डेस्कटॉपवरूनही गेलेली असते, कारण ती एकच फाइल आहे. ३० जुलै १९९१ ला वर्धा नदीच्या पुरात मोवाड उद्ध्वस्त झालं. माणसं गेली, घरं गेली, आणि घरात होते नव्हते ते कागदही. तेव्हा दुसरी प्रत ठेवायची सोय फारशी कुणाकडे नव्हती. आता एक बाहेरची हार्डडिस्क पुरते. महिन्यातून एकदा त्यावर सातबारा, खरेदीखत, मार्कशीट, फोटो उतरवायचे आणि ती डिस्क दुसऱ्या गावातल्या नातलगाच्या कपाटात ठेवायची. डिस्कवर बिटलॉकर लावता येत असेल तर लावा (ते विंडोजच्या प्रो आवृत्तीत मिळतं), आणि त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून आपल्या घरी ठेवा, त्या डिस्कच्या डब्यात नको.